'शिर्डी'ची 'शिडी' होते तेव्हा: बोल्ड कंडेन्स फॉन्टची तीच ती कटकट

तर झालं असं, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रॅव्हल्सवाल्या अण्णांचा फ्लेक्स होता, वीस बाय चार, मजकूर एवढाच की नाशिक ते शिर्डी रोज सकाळी सहा वाजता, आणि खाली मोबाइल नंबर. अण्णांची अट एकच, "लांबून दिसलं पाहिजे, जाड टाक." दुकानातल्या पोरानं घाईत मोबाइलवरच टायटल बनवलं, जाड चिंचोळा म्हणजे बोल्ड कंडेन्स फॉन्ट, पिवळ्यावर काळा, मस्त दिसत होतं, पीएनजी करून मला टाकलं, मी ते कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलं, खाली नंबर टाकला आणि मशीनला सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "अहो, आमची गाडी शिर्डीला जाते, शिडीला कुठं पाठवताय?"

जाऊन बघितलं तर खरंच. 'र्डी'मधला रफार दीर्घ वेलांटीच्या टोकावर बसतो, त्याचा आकडा सगळ्या शब्दात उंच, आणि नेमका तेवढाच वरून सपाट कापला गेलेला. बाकी अक्षरं ठणठणीत. दुकानात तीन जणांनी बघितलेलं, एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण आपल्याला शब्द आधीच माहीत असतो आणि मग डोळा अक्षर वाचत नाही, अंदाजानं पुढं जातो. फ्लेक्स परत छापून दिला, पैसे अर्थात आमचे गेले. तो जुना निफाडच्या पाहुण्यांनी नेला, कांद्याच्या ढिगावर टाकायला, अजून तिकडं शिडी पांघरलेली आहे.

हे एकदाच झालं असतं तर लिहिलं नसतं. पण महिन्यातून दोन-तीन वेळा तरी जाड चिंचोळ्या टायटलचा काहीतरी घोळ होतोच, कधी मात्रा उडते, कधी शिरोरेषा तुटते, कधी 'क' आणि 'फ' मधला फरकच बुजतो, आणि आता २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय म्हटल्यावर स्वागताच्या कमानी, पार्किंगचे बोर्ड, प्रसादालयाचे फ्लेक्स यांचा पूर येणार आहे. म्हणून जे जे झालंय आणि ज्यानं सुटलंय ते एकदा लिहून ठेवतो. मी काही टाइप डिझायनर नाही, सिडकोत छोटं डिझाइन आणि फ्लेक्सचं दुकान आहे, बारा वर्षं हेच करतोय.

आधी कळू दे की कापतंय कोण

वरून किंवा खालून अक्षर कापलं गेलं की सगळे फॉन्टला शिव्या देतात. फॉन्टचा दोष असतो कधी कधी, पण आधी बाकीचं तपासा. प्रत्येक फॉन्टच्या फाइलमध्ये वर किती आणि खाली किती जागा धरायची याचे आकडे लिहिलेले असतात. बरीच सॉफ्टवेअरं मजकुराचं चित्र बनवताना त्या आकड्यांवर विश्वास ठेवून चौकट आखतात, आणि रफार, वेलांटी, अनुस्वार असं सगळं एकाच अक्षरावर आलं की ते त्या चौकटीच्या बाहेर जातं. स्क्रीनवर कधी दिसतं कधी दिसत नाही, पीएनजी केली की मात्र कापलेलंच येतं. आमच्या शिर्डीचं हेच झालं होतं. टायटलची पट्टी देखणी दिसावी म्हणून पोरानं ओळींमधली जागा अगदी कमी केली होती, त्यानं आणखी भर.

उपाय सोपा आहे आणि थोडा येडचाप वाटेल. टायटलच्या वर एक रिकामी ओळ आणि खाली एक रिकामी ओळ टाका, मग एक्स्पोर्ट करा, मग कोरलमध्ये आणून मोकळी जागा कापा. ओळींमधलं अंतर जाड चिंचोळ्या मराठीला अक्षराच्या साइजच्या १२० टक्क्यांच्या खाली नेताना दोनदा विचार करा. आणि शक्य असेल तर मोबाइलवरून चित्र आणूच नका, टायटल कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्येच टाइप करा, तिथं अक्षर व्हेक्टर असतं, म्हणजे ठिपक्यांचं चित्र नसून रेघांचा आकार, ते असं आपोआप कापलं जात नाही. कापलं तर तुम्ही स्वतः पॉवरक्लिपच्या चौकटीत कोंबलंय म्हणून.

दुसरा चोर म्हणजे फ्लेक्सची कड. छापून झाल्यावर कडा दुमडून चिकटवतात आणि मग रिंगा मारतात, त्यात दीड-दोन इंच सहज जातात. टायटल अगदी वरच्या कडेला टेकवलं असेल तर वेलांट्या त्या घडीत जातात. इंग्रजी कॅपिटल अक्षरं कडेजवळ गेली तर थोडी दाटी दिसते इतकंच, आपल्याकडं मात्र शब्दच बदलतो.

आणि हे शोधायला एक ओळ मी दुकानातल्या भिंतीवर चिकटवलीय, नवा फॉन्ट आला की आधी ही ओळ टाइप करायची: *त्र्यंबकेश्वर, शिर्डी, कर्तृत्व, वारकऱ्यांचे, शुभेच्छुक, राष्ट्रीय, ॲग्रो, ऑर्डर.* यात कर्तृत्व माझं लाडकं, कारण एकाच 'त'च्या डोक्यावर रफार आणि पायात ऋकार, वर-खाली दोन्हीकडची जागा एका फटक्यात कळते. आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'कर्तृत्ववान नेतृत्व' तर रोजच लागतं, त्यामुळं परीक्षा काही पुस्तकी नाही. 'वारकऱ्यांचे' कशासाठी ते नाशिककरांना सांगायला नको, त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी निघते तेव्हा 'वारकऱ्यांचे हार्दिक स्वागत' चे फ्लेक्स निघतात आणि दिखाऊ फॉन्टांमध्ये नेमका हा 'ऱ्या' दगा देतो, तो पातळ आडवा अर्धा र येण्याऐवजी 'र्या' होतो नाहीतर पायमोडका र दिसतो. तसं झालं तर आधी टायपिंग बघा, 'र' नाही, खाली टिंब असलेला 'ऱ' आणि त्याला हलंत, मग 'य'. टायपिंग बरोबर असूनही येत नसेल तर तो फॉन्ट मराठीसाठी सोडून द्या, मोह करू नका. 'ॲ' चंही तसंच, हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, त्यामुळं जुन्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन दिसतो, आणि आपल्याकडं दिंडोरी रोड, पिंपळगाव पट्ट्यात दर दोन दुकानांमागं एक 'ॲग्रो' आहे.

दाबलेलं अक्षर म्हणजे कंडेन्स नव्हे

आता खरं दुखणं. ऐंशी टक्के घोळ इथून येतो, असं मला वाटतं. गिऱ्हाइकाचं नाव लांब, जागा कमी, मग आपण काय करतो, नेहमीचा बोल्ड फॉन्ट घेतो आणि बाजूचा हँडल धरून आत ढकलतो. बसलं की झालं! मीही वर्षानुवर्षं हेच केलं.

याचं काय होतं ते मोजून बघा. समजा बोल्ड फॉन्टमध्ये कान्याची जाडी तीन इंच आणि शिरोरेषेची अडीच. रुंदी साठ टक्क्यांवर आणली. काना झाला एक पूर्णांक आठ इंच, शिरोरेषा तिथंच, अडीच इंच, कारण उंची आपण हलवलीच नाही. म्हणजे उभ्या रेघा वाळल्या आणि आडवी रेघ लठ्ठ राहिली, शब्दाच्या डोक्यावर लोखंडी गर्डर ठेवल्यासारखं दिसतं. इंग्रजीतही दाबलं की वाईट दिसतंच, पण तिथं आडव्या रेघा तुटक तुटक असतात. आपल्याकडं शब्दभर एक सलग पट्टा जातो, त्यामुळं डोळ्याला लगेच खुपतं. आणि आतली पोकळी? 'क' च्या पोटातला डोळा, 'ष' ची तिरकी रेघ, 'भ' आणि 'ध' च्या वरच्या गाठी, सगळं मिटतं. फ्लेक्सची शाई थोडी पसरते, गडद रंगावर पांढरी अक्षरं काढली असतील तर ती चारही बाजूंनी खाल्ली जातात, पिवळ्यावर काळी असतील तर पोकळी भरून येते. स्क्रीनवर जेमतेम वाचता येणारा 'ष' छापल्यावर 'प' वाचला जातो.

नीट चिंचोळा काढलेला फॉन्ट वेगळा असतो. तिथं डिझायनरनं कान्याची जाडी ठेवून पोकळ्या कमी केलेल्या असतात, शिरोरेषा त्या प्रमाणात बारीक केलेली असते, गाठी उघड्या ठेवलेल्या असतात, जोडाक्षरं एकाखाली एक रचायची की शेजारी ठेवायची याचाही विचार झालेला असतो. फुकट आणि चांगले आहेत, त्यामुळं आता दाबादाबीला कारण उरलेलं नाही. गूगल फॉन्ट्सवर 'खंड' आणि 'टेको' हे दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे. खंड एकसारख्या जाडीचा, पोकळ्या मोकळ्या, म्हणून लांबच लांब हेडिंगला मी तोच वापरतो. टेको चौकोनी, कबड्डीच्या नाहीतर कुस्तीच्या पोस्टरला एकदम फिट्ट. पण टेकोचा बोल्ड त्यांनी मुळातच एक-दोन शब्दांसाठी काढलाय, लांब हेडिंगला त्याचा रेग्युलर, मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्यायचा असं तेच सांगतात, आणि आपली मंडळी मात्र अख्खा निमंत्रकांचा परिच्छेद टेको बोल्डमध्ये टाकतात आणि मग म्हणतात वाचता येत नाही. 'प्रगती नॅरो' साधा आहे, त्यात दोनच जाड्या, पण पत्ता-बित्ता अरुंद जागेत बसवायला कामाचा.

आणि मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'अनेक देवनागरी'. हा व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी १०० पासून ८०० पर्यंत आणि रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत पाहिजे तशी सरकवता येते. ज्याला हँडल ढकलायची सवय सुटत नाही त्याच्यासाठी हा फॉन्ट म्हणजे देवच, कारण इथं ढकललं तरी काना वाळत नाही, अक्षर आपलं आपण जागा करून घेतं. शिर्डीचा दुसरा फ्लेक्स मी यातच केला, सगळ्यात जाड आणि रुंदी ७५. फक्त तुमचं कोरल २०२० च्या आधीचं असेल तर त्यात व्हेरिएबलचे स्लायडर मिळत नाहीत. घाबरू नका, डाउनलोड केलेल्या झिपमध्ये स्टॅटिक नावाचा फोल्डर असतो, त्यात कंडेन्स्ड एक्स्ट्राबोल्ड वगैरे वेगवेगळ्या फाइली असतात, त्या टाका, काम होतं.

एक छोटी गोष्ट जी नेहमी राहून जाते. सॉफ्टवेअरमधलं ते 'बी' चं बटण. फॉन्टची खरी बोल्ड फाइल मशीनवर नसेल तर बरीच सॉफ्टवेअरं रेग्युलर अक्षरालाच भोवतीनं फुगवून खोटं बोल्ड देतात, आणि चिंचोळ्या अक्षराला फुगवायला आत जागाच नसते. बोल्ड हवं तर यादीतून बोल्ड नावाचा फॉन्ट निवडा.

"असाच फॉन्ट पाहिजे, फक्त मराठीत"

कॉलेज रोडवरच्या एका कॅफेवाल्या पोरानं मध्ये एक इंग्रजी पोस्टर दाखवलं, तीन ओळी एकावर एक विटांसारख्या रचलेल्या, मध्ये बोटभरही फट नाही. अशी गिऱ्हाइकं आठवड्याला एक तरी. यात दोन अडचणी असतात.

पहिली, त्या पोस्टरचा फॉन्ट बहुतेक वेळा इम्पॅक्ट, अँटन नाहीतर बेबस न्यू असतो आणि यात देवनागरी नाहीच. तुम्ही मराठी टाइप केलं की यादीत नाव बेबसचंच दिसत राहतं पण सॉफ्टवेअर गुपचूप मशीनवरचा दुसरा कुठला तरी देवनागरी फॉन्ट घालतं, विंडोजवर बऱ्याचदा मंगल किंवा निर्मला. मंगल सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला, कॉम्प्युटरवर मजकूर वाचायला उत्तम, पण इम्पॅक्टच्या शेजारी उभा केला की पैलवानाशेजारी कारकून. आणि मग ते बरोबरीचं दिसावं म्हणून आपण त्याला आउटलाइन देऊन फुगवतो, की पुन्हा वरच्या सगळ्या भानगडी.

दुसरी अडचण मुळातली आहे. इम्पॅक्ट जेफ्री ली यांनी १९६५ मध्ये शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेक फाउंड्रीसाठी काढला, शिशाच्या टायपांच्या शेवटच्या दिवसांत, जाहिरातीत लक्ष वेधायला. बेबसमध्ये तर नुसती कॅपिटलच. कॅपिटलला वर काही नाही खाली काही नाही, सगळी अक्षरं एका उंचीची, म्हणून त्यांची भिंत रचता येते. मराठीत अक्षराच्या अंगाइतकीच वरच्या-खालच्या मजल्याला जागा लागते. तेवढ्याच चार फुटांच्या पट्टीत इंग्रजी अक्षर साडेतीन फुटांचं बसेल, मराठीचं अंग जेमतेम दोन सव्वादोन फुटांचं, बाकी उंची मात्रांची. गिऱ्हाइकाला हे तोंडानं सांगून पटत नाही. मी त्याच्यासमोर 'शिर्डी' आणि इंग्रजीतली शिर्डी एका पट्टीत टाइप करून दाखवतो, मग गप्प बसतो.

हे पाट्यांच्या बाबतीत तर फारच सांभाळावं लागतं. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत, सुरुवातीला, आणि दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नको, हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही लागू झालंय. आपण फॉन्टचा साइज दोन्हीकडं सारखा ठेवतो आणि समजतो झालं. पण सारख्या साइजला मराठीचं अंग बारकंच दिसतं. मी इंग्रजीच्या कॅपिटलची उंची आणि मराठीत शिरोरेषेपासून कान्याच्या तळापर्यंतची उंची, या दोन गोष्टी पट्टीनं सारख्या करतो, मात्रा त्यात मोजतच नाही. मग पाटी बघणाऱ्यालाही मराठी लहान वाटत नाही.

आणि विटांची रचना करायचीच असेल तर शब्द बघून करा. एका लाकडी घाण्यावाल्यांचा बोर्ड होता, वरती 'शुद्ध' आणि खाली 'शेंगदाणा तेल'. 'शु' चा उकार बरोबर 'शें' च्या मात्रा-अनुस्वारावर येऊन बसत होता. ओळी लांब केल्या तर दोन वेगळ्या पाट्या वाटत, जवळ आणल्या तर टक्कर. शेवटी खालची ओळ अर्ध्या अक्षरानं उजवीकडं सरकवली, उकार शब्दाच्या आधीच्या रिकाम्या जागेत उतरला आणि 'द्ध' ची शेपटी 'शें' आणि 'ग' च्या मधल्या फटीत बसली. दहा मिनिटांचं काम. वरच्या ओळीत उकार नसेल आणि खालच्या ओळीत वेलांटी-मात्रा कमी असतील असं वाक्य तोडता आलं तर आणखी बरं. अक्षरकार कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींसाठी हातानं काढलेली नावं जुन्या अंकांत बघा, एक मात्रा दुसऱ्या ओळीच्या पोकळीत कशी शिरवायची ते तिथं कळतं. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण निदान मात्रा हलवायला हरकत नसते एवढं तरी डोक्यात राहतं.

शिरोरेषेचे टाके

शब्दाला पांढरी जाड बॉर्डर दिली आणि प्रत्येक दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषेवर उभी पांढरी चीर दिसायला लागली, हे तर इतकं कॉमन आहे की बऱ्याच जणांना ती डिझाइनच वाटते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते, म्हणून नुसतं टाइप केल्यावर सलग दिसते. बॉर्डर मात्र प्रत्येक अक्षराला वेगळी लागते, आणि चढलेल्या जागी ती आत दिसते. व्हेरिएबल फॉन्टमध्ये तर एकाच अक्षराचे तुकडेही एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळं अक्षराच्या पोटातसुद्धा रेघा येतात.

कोरलमध्ये शब्द पक्का झाला की कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करा म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात, अक्षरं सुटी करा, सगळी निवडून वेल्ड करा म्हणजे एकच सलग आकार होतो, आणि मग बॉर्डर द्या. सुटी करताना 'क' 'ब' 'भ' ची पोकळी भरली गेली तर पोकळीचा तुकडा आणि अक्षर निवडून कंबाइन करायचं, मग वेल्ड. बॉर्डर अक्षराच्या मागे जाईल असं करा नाहीतर ती निम्मी आत शिरून पोकळी खाते. आणि बॉर्डरचा कोपरा गोल ठेवा. टोकदार ठेवला की रफाराच्या टोकाला, 'र' च्या पायाला लांब काटे फुटतात, लांबून बघितलं तर निवडुंग.

बॉर्डर न देताही शिरोरेषा तुटत असेल तर अक्षरांमधलं अंतर बघा, कोणीतरी ट्रॅकिंग वाढवलेलं असणार. इंग्रजी टायटलला अंतर देऊन ऐटबाज करायची सवय, तीच मराठीला लावली की शब्दाचे मणी सुटतात. मराठीला तिथं शून्य. फारच पसरवायचं असेल तर कर्व्ह करून शिरोरेषेची पट्टी हातानं जोडा, नाहीतर रुंद फॉन्ट घ्या.

जोडाक्षर फुटणं, वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाणं, हे फॉन्टचं दुखणं नसतंच बहुतेक वेळा. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट, किंवा जुन्या व्हर्जनमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन, ते चालू करायचं. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर. जुनं कोरल ऐकतच नसेल तर इंकस्केप फुकट आहे, त्यात टाइप करा, शिफ्ट कंट्रोल सी नं पाथ करा, एसव्हीजी करून कोरलमध्ये आणा. श्रीलिपी, आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरांच्या फायली आल्या तर त्या वेगळ्या एन्कोडिंगच्या असतात, त्यावर फॉन्ट बदलून टेको लावला की कचरा दिसतो, तिथं आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर एकदा माणसानं वाचावा लागतो.

छापायच्या आधी

मशीनला सोडण्याआधी आता मी एक गोष्ट न चुकता करतो. वीस फुटांचा फ्लेक्स शंभर फुटांवरून जेवढा दिसतो तेवढाच दिसतो हातभर लांब, सत्तर सेंटीमीटरवर धरलेली चौदा सेंटीमीटरची पट्टी. म्हणजे जवळपास आडवा मोबाइल. तर जेपीजी मोबाइलवर घ्यायची, आडवा धरायचा, हात लांब करायचा, आणि वाचायला लावायचं अशा माणसाला ज्याला मजकूर माहीत नाही. आमच्याकडं ते काम शेजारच्या चहावाल्या मामांकडं असतं. ते चष्मा न लावता वाचतात, म्हणून जास्तच भारी. परवा त्यांनी 'पोषक आहार' चं 'पोपक आहार' वाचलं, मी रुंदी ७५ वरून ९० केली, 'षक' उघडला.

सगळीकडं हा जाड चिंचोळा फॉन्ट घालू नका एवढंच सांगीन. नाव, भाव, तारीख, 'उद्यापासून', 'येथे', 'पार्किंग', आकडे, इथं तो राजा. मोबाइल नंबर चिंचोळ्या जाड फॉन्टात एका ओळीत मोठा येतो, त्याला तोड नाही, फक्त देवनागरी १ आणि ९ लांबून वेगळे दिसतात का ते बघा. पत्ता, अटी, निमंत्रकांची यादी साध्या रुंद मीडियममध्ये. लग्नपत्रिकेत तर नकोच, एका वरपित्यानं हट्टानं घातला होता, पत्रिका आखाड्याच्या दंगलीची वाटत होती.

राहिलं एक, ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं. मराठी शब्द शिरोरेषेनं एकत्र बांधलेला असतो म्हणून बसवायला सोपा, तुकडा एकच. पण अनुस्वार सुटा. चिंचोळ्या फॉन्टात तो लहान होतो, मागे खिळा एकच बसतो, आणि उन्हात तापून पावसात भिजून सहा महिन्यांत पडतो. सातपूरच्या एका 'सेवा केंद्रा'चं असंच 'सेवा केद्र' झालं होतं. आता मी कटिंगच्या फाइलमध्येच अनुस्वार थोडा मोठा करतो आणि खालच्या मात्रेला बारीक मानेनं चिकटवतो, समोरून मान दिसत नाही. त्या सेवा केंद्रवाल्यांनी मात्र अजून नवीन लावून घेतलेला नाही, पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण चिकटवलंय, आणि खरं सांगायचं तर माप बरोबर आलंय.